परजीवींची चाल



या व्यासपीठावर तुम्ही राजकारण ऐकलंत, संगीत ऐकलंत, शेअर बाजारसुद्धा ऐकलात. आज तुमच्या वाट्याला परजीवी आले आहेत. संयोजकांना मी फोनवर विषय सांगितला, तेव्हा पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग ते म्हणाले, "सर, आमचे श्रोते जेवून येतात हो." मी त्यांना शब्द दिला आहे की शौचाचा विषय फार लांबवणार नाही. तेव्हा तो आधीच उरकून टाकतो.

साल 1681. हॉलंडमधलं डेल्फ्ट गाव. तिथला कापडाचा व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक जुलाबांनी हैराण झाला होता. घरी घासलेल्या भिंगातून तो दिसेल ते पाहायचा, म्हणून त्यानं आपलं शौचही पाहिलं. त्यात त्याला इवले जीव दिसले. अंगानं लांबोडके, पोटाशी सपाट. बारीक पाय असावेत तसं काहीतरी ते झपाझप हलवत होते आणि इतकी धडपड करूनही पुढे फारसे सरकत नव्हते. आज त्या वर्णनावरून आपण सांगू शकतो की ते जिआर्डिया होते. जंतूंमुळे रोग होतो ही कल्पना रुजायला अजून सुमारे दोनशे वर्षं होती. ज्याला रंग नाही, ज्याला नाव नाही, ज्याच्याबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं नाही, असा जीव त्या माणसाच्या नजरेत भरला कशामुळे? तो हलत होता म्हणून.

आजचा माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मी तासभर निरनिराळ्या बाजूंनी सांगणार आहे. परजीवी हा हलताना पाहायचा जीव आहे. त्याला मारून, रंगवून काचेवर चिकटवला की त्याचं नाव कळतं. तो करतो काय, ते कळत नाही. आपल्याकडच्या महाविद्यालयांत विद्यार्थी वर्षानुवर्षं त्याच त्या रंगवलेल्या स्लाइड पाहून आकृत्या काढतात. प्रेत पाहून चरित्र लिहिण्याचा हा उद्योग आहे. आणि त्यातून एक गैरसमज घट्ट बसला आहे, की परजीवी म्हणजे आयतोबा. डासानं आणलं, रक्तात सोडलं, वाहत वाहत यकृतात पोचला. त्याला कष्ट कसले? वास्तविक तो स्वतः हालला नाही, तर डास शंभर वेळा चावूनही हिवताप व्हायचा नाही.

हिवतापाचंच पाहू. 6 नोव्हेंबर 1880. अल्जीरियातलं कॉन्स्टन्टीन शहर, तिथलं फ्रेंच लष्करी रुग्णालय. डॉक्टरचं नाव अल्फॉन्स लाव्हरान. तापानं फणफणलेल्या एका सैनिकाच्या रक्ताचा थेंब त्यानं काचेवर घेतला. रंग नाही, रसायन नाही, ताजं रक्त. त्यात काळ्या कणांचे गोल होते, ते त्याच्या परिचयाचे होते. पण त्या दिवशी एका गोलाच्या कडेनं बारीक धागे बाहेर आले आणि इतक्या जोरानं वळवळायला लागले की आजूबाजूच्या तांबड्या पेशी ढकलल्या जाऊ लागल्या. त्या क्षणी लाव्हरानची खात्री पटली. काळे कण ही रक्ताची घाण असू शकते, धागे हा कचऱ्याचा प्रकार असू शकतो, पण जे असं वळवळतं ते जिवंतच असणार.

आता यातली गंमत ऐका. ते धागे म्हणजे हिवतापाच्या परजीवीचे नर युग्मक, म्हणजे शुक्रपेशी. माणसाच्या अंगात ते कधीच बाहेर पडत नाहीत. डासानं रक्त शोषलं, ते त्याच्या पोटात गेलं, की तापमान काही अंशांनी उतरतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डासाच्या अंगातलं झँथुरेनिक आम्ल त्यात मिसळतं. एवढी खूण मिळाली की नर पेशी कामाला लागते. दहा-पंधरा मिनिटांत ती आपल्या जनुकद्रव्याच्या प्रती तीन वेळा दुप्पट करते, त्याच वेळात आठ शेपट्या बांधून काढते आणि आठ युग्मक सोडते. दहा-पंधरा मिनिटांत! एवढ्या वेळात आपल्या पेशीची विभागणीची तयारीसुद्धा होत नाही. लाव्हराननं रक्ताचा थेंब काचेवर घेतला, तो हवेवर निवला, आणि परजीवीला वाटलं आपण डासाच्या पोटात पोचलो. लाव्हराननं घाईघाईत स्लाइड वाळवून रंगवली असती, तर त्याला काही दिसलं नसतं.

बरं, हे लगेच कुणाला पटलं का? मुळीच नाही. रोममधल्या विद्वानांनी रक्त वाळवलं, रंगवलं आणि ठिपके पाहून निकाल दिला की या खराब झालेल्या तांबड्या पेशी आहेत. लाव्हरान 1882 मध्ये स्वतः रोमला गेला, तिथे त्यानं आपले जीव दाखवले, तरी शंका राहिल्या. पुढे मार्कियाफावा आणि चेल्ली या त्याच रोमन मंडळींनी चांगलं भिंग घेऊन न रंगवलेलं, ताजं रक्त पाहिलं. तेव्हा तांबड्या पेशीच्या आत अमीबासारखा आकार बदलत हलणारा जीव त्यांनाही दिसला. 1885 मध्ये प्लाझमोडियम हे नाव त्यांनीच दिलं. शंकेखोरांना पटवलं ते वादविवादानं नाही, त्या हालचालीनं.

रोनाल्ड रॉसचं नाव आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. 20 ऑगस्ट 1897, सिकंदराबाद, डासाच्या पोटात त्याला दिसलेल्या हिवतापाच्या परजीवीच्या गाठी. ती कथा तुम्ही शाळेत वाचली आहे, म्हणून पुन्हा सांगत नाही. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेत विल्यम मॅकॅलम नावाच्या तरुणानं पक्ष्यांच्या रक्तात तो वळवळणारा धागा मादी पेशीत शिरताना पाहिला, म्हणजे प्रत्यक्ष फलन पाहिलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. लाव्हरानचे धागे कशासाठी होते, हे जगाला कळायला अशी सतरा वर्षं लागली.

आता दुसऱ्या भागाकडे येतो. हलायचं म्हणजे काय लागतं?

आपण हात उचलतो तेव्हा स्नायूत दोन प्रथिनं एकमेकांवरून सरकतात, ॲक्टिन आणि मायोसिन. ॲक्टिन हंगेरीतल्या सेगेद विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, ऐन दुसऱ्या महायुद्धात, ब्रूनो श्ट्राउब या त्यांच्या तरुण सहकाऱ्याला. त्यांनी ते सशाच्या स्नायूतून काढलं होतं, म्हणून बरीच वर्षं ते स्नायूंचंच प्रथिन मानलं गेलं. पुढे बुरशीसारख्या दिसणाऱ्या श्लेष्मकवकात सापडलं, अमीबात सापडलं, आणि मग लक्षात आलं की केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ते आहेच. त्याच्या जोडीला दुसरं प्रथिन आहे ट्यूब्युलिन. त्याचे रेणू एकावर एक लागून पोकळ नळ्या तयार होतात, त्या सूक्ष्मनलिका. ॲक्टिनचे तंतू आणि ट्यूब्युलिनच्या नळ्या मिळून पेशीचा सांगाडा होतो. सांगाडा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हाडं येतात. हा सांगाडा तसा नाही. तो सतत मोडतो आणि सतत बांधला जातो. एका टोकाला रेणू चिकटत असतात, दुसऱ्या टोकाला सुटत असतात. हे चिकटणं आणि सुटणं जिथे थांबलं, तिथे चालही थांबली.

आता लक्षात घ्या. सामान एवढंच आहे, ॲक्टिन, मायोसिन, ट्यूब्युलिन, आणि त्यांना जोडणारी, तोडणारी काही प्रथिनं. आपल्याकडे हेच, परजीवीकडेही हेच. पण या सामानातून त्यांनी चालण्याच्या ज्या तऱ्हा काढल्या आहेत, त्या पाहून माणूस थक्क होतो.

अमीबाची तऱ्हा तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. छद्मपाद पुढे काढायचा, अंग त्यात ओतायचं, मागचं ओढून घ्यायचं. आव पडण्याचा आजार करणारा एंटअमीबा असाच ॲक्टिनच्या जोरावर आतड्याच्या भिंतीत शिरतो आणि वाटेतल्या पेशी खातो. प्रयोगशाळेत काम केलेले लोक सभागृहात असतील तर त्यांना आठवेल, नमुना ताजा, कोमट असतानाच पाहायचा असतो. अर्धा तास टेबलावर पडून राहिला की अमीबा थंडावतो आणि मग तो ओळखू येत नाही. (संयोजकहो, माफ करा. शब्द मोडला.)

दुसरी तऱ्हा कशाभिकेची, म्हणजे चाबकासारख्या हलणाऱ्या धाग्याची. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण त्यात एक धागा आपल्या चंद्रपूरपर्यंत येतो.

लाव्हराननं अल्जीरियात ते धागे पाहिले, त्याच 1880 साली डेरा इस्माईल खान या तेव्हाच्या पंजाबातल्या छावणीत ग्रिफिथ इव्हान्स नावाचा लष्करी पशुवैद्य होता. घोडे आणि उंट सर्रा नावाच्या आजारानं खंगून मरत होते. इव्हान्सनं त्यांचं ताजं रक्त पाहिलं. तांबड्या पेशींच्या गर्दीत लांब, निमुळते जीव सळसळत होते. रोग करणारा ट्रिपॅनोसोम माणसानं पहिल्यांदा ओळखला तो इथे. तेव्हा अनेकांना ते पटलं नाही. आज त्या परजीवीला ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी म्हणतात. चावणाऱ्या माश्या तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात.

या जातकुळीची कशाभिका शेपटीसारखी मागे सुटी लोंबत नसते. ती अंगाला लांबलचक चिकटलेली असते, आणि तिच्या आत ट्यूब्युलिनच्या नळ्यांना समांतर एक जाडसर दांडा असतो, जो आपल्या शरीरातल्या कशाभिकांत कुठेच नाही. तिची लाट टोकाकडून मुळाकडे जाते, म्हणून हा जीव कशाभिका पुढे धरून पोहतो. तो एवढा पोहतो कशाला? रक्त तर त्याला फुकट वाहून नेतंच आहे. याचं उत्तर 2007 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दिलं, आणि मला वाटतं, या क्षेत्रातल्या सगळ्यात देखण्या प्रयोगांपैकी तो एक आहे. ट्रिपॅनोसोमच्या अंगावर एकाच प्रकारच्या सुमारे एक कोटी रेणूंचं आवरण असतं. आपल्या प्रतिकारशक्तीचे प्रतिपिंड येऊन त्या आवरणाला चिकटतात. परजीवी पुढे पोहत राहतो. पाण्याच्या रेट्यानं प्रतिपिंड चिकटलेले रेणू अंगावरून मागे, मागे लोटले जातात. मागच्या टोकाशी एक खळगा आहे, तिथे पेशी ते गिळून टाकते. म्हणजे पोहणं ही त्याची आंघोळ आहे. पोहणं बंद पडलं की प्रतिपिंड अंगावर तसेच राहतात. पाहा, प्रवासासाठी असावी अशी वाटणारी हालचाल प्रत्यक्षात बचावासाठी आहे. मेलेल्या स्लाइडवर हे कधी दिसलं असतं का?

आता चंद्रपूर. 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या शिवणी गावच्या एका शेतकऱ्याला ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. रक्तात सापडला ट्रिपॅनोसोम! भारतात माणसाच्या रक्तात? नागपूरच्या डॉक्टरांनी ही नोंद प्रसिद्ध केली तेव्हा जगभर कान टवकारले गेले, कारण ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी जनावरांचा. माणसाच्या रक्तात तो टिकत नाही. आपल्या रक्तद्रवात ॲपोलायपोप्रोटीन एल-1 नावाचं प्रथिन असतं, ते त्याचा फडशा पाडतं. माणसाच्या रक्तद्रवानं ट्रिपॅनोसोम मरतो, ही नोंद लाव्हराननंच 1902 मध्ये करून ठेवली होती. मग या शेतकऱ्याचं काय झालं? तपासणी झाली आणि कळलं की त्याच्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. त्याच्या अंगात ते प्रथिन तयारच होत नव्हतं. सुरामिन नावाच्या जुन्या औषधानं तो बरा झाला. हिवतापाच्या गोळ्या देऊन त्याला घरी पाठवलं असतं तर? रक्त नीट पाहणारं कुणीतरी तिथे होतं, हे त्याचं भाग्य, आणि विज्ञानाचंही.

ट्रिपॅनोसोमचा जवळचा भाऊबंद म्हणजे लीशमानिया, बिहार-बंगालातल्या काळ्या आजाराचा परजीवी. 1903 मध्ये लीशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी तो स्वतंत्रपणे ओळखला. दोघांनी पाहिलं ते रुग्णाच्या प्लीहेतले गोल, निश्चल ठिपके. ना शेपटी, ना हालचाल. हा जीव नेमका कोणत्या घराण्यातला यावरून वाद सुरू झाला. 1904 मध्ये कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्सनं प्लीहेतलं रक्त काचेच्या नळीत ठेवलं, आणि शरीराच्या उबेवर न ठेवता बरंच थंड, 22 अंशांच्या आसपास ठेवलं. काही दिवसांत त्या ठिपक्यांना कशाभिका फुटल्या आणि ते पोहू लागले! गारवा मिळताच परजीवीला वाटलं, आपण माशीच्या पोटात आहोत. ही माशी म्हणजे सँडफ्लाय. चांदीपुरा तापाच्या बातम्यांत विदर्भातल्या लोकांनी तिचं नाव ऐकलं असेल. काळा आजार आपल्याकडे नाही, पण त्या माशीची भाऊबंद मंडळी आहेत.

म्हणजे हा एकच जीव माणसाच्या पेशीत शिरला की कशाभिका आवरून घेतो आणि माशीत गेला की पुन्हा बांधतो. ती बांधायची कशी? इथे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचं काम सांगितलंच पाहिजे. ही संस्था कित्येक वर्षं छत्तर मंझिल या नबाबी महालात भरत होती. तिथे सी. एम. गुप्ता, अमोघ सहस्रबुद्धे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लीशमानियाच्या ॲक्टिनचा पिच्छा पुरवला. या परजीवीचं ॲक्टिन आपल्यापेक्षा बरंच वेगळं वागतं हे त्यांनी दाखवलं. मग 2008 मध्ये त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोफिलिन हे प्रथिन ॲक्टिनचे तंतू तोडतं, म्हणजे जुनं मोडून सामान मोकळं करतं. त्यांनी लीशमानियातून त्याचं जनुकच काढून टाकलं. काय व्हावं? कशाभिका तर ट्यूब्युलिनची. ॲक्टिन तोडणारं प्रथिन गेलं तर तिचं काय बिघडणार? पण परजीवी जागच्या जागी थांबला. कशाभिका आखूड राहिली, आतला तो जाडसर दांडा तयारच झाला नाही. जनुक परत घातलं, परजीवी परत पोहायला लागला. मोडणारा नसेल तर बांधणाराही उपाशी राहतो, असं काहीसं त्या पेशीत घडत असावं. सामानाची ने-आण ॲक्टिनकडे असावी असा त्यांचा अंदाज आहे.

आता तिसरी तऱ्हा, आणि माझ्या दृष्टीनं ही सर्वांत अजब. पुन्हा हिवताप, पण या वेळी डासाच्या सोंडेतून आपल्या कातडीत उतरणारा परजीवी. त्याला स्पोरोझॉइट म्हणतात. लांबी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी, अंग किंचित वाकडं. त्याला कशाभिका नाही. छद्मपाद नाही. आकार बदलत नाही, अंग आवळत नाही, वळवळतही नाही. आणि तरी तो सरकतो! सेकंदाला एक ते दोन मायक्रोमीटर. आपल्या पांढऱ्या पेशी ज्या वेगानं शिकारीला निघतात त्याच्या सुमारे दहापट. म्हणजे पहारेकरी पायी आणि चोर घोड्यावर.

हे तो करतो कसं? कोकणात खाडीत होडी वल्ह्याऐवजी बांबूनं नेतात, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तरीवाला होडीच्या पुढच्या टोकाशी उभा राहून बांबू तळाच्या चिखलात रोवतो, आणि बांबू घट्ट धरून काठाकाठानं मागच्या टोकाकडे चालत जातो. तो मागे चालतो, होडी पुढे जाते. शेवटाला पोचला की बांबू उपटायचा आणि पुन्हा पुढे. स्पोरोझॉइट अगदी हेच करतो. बांबूच्या जागी ट्रॅप नावाचं प्रथिन आहे. त्याचं एक टोक बाहेर, ते आपल्या पेशींना पकडतं. दुसरं टोक आत, ते मध्यस्थ प्रथिनामार्फत ॲक्टिनच्या तंतूला बांधलेलं. परजीवीच्या बाह्य आवरणाखाली आणखी एक आतलं अस्तर असतं, आणि त्या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या फटीत हा सगळा कारभार चालतो. आतल्या अस्तराला मायोसिन रोवून बसवलेलं आहे. ते ॲक्टिनला मागे ढकलतं, ॲक्टिनबरोबर ट्रॅप मागे जातं, आणि परजीवी पुढे सरकतो. मागच्या टोकाशी बांबू उपटायलाही माणूस आहे. कात्री चालवणारं एक विकर ट्रॅपला आवरणापाशीच कापून टाकतं. ते न कापलं गेलं तर परजीवी स्वतःच्याच पकडीत अडकून बसतो.

1997 मध्ये उंदरांच्या हिवतापाच्या परजीवीतून ट्रॅपचं जनुक काढून टाकलं गेलं. त्या परजीवींना सरकता येईना. त्यांना डासाच्या लाळग्रंथीत शिरता येईना, यकृतातही जाता येईना. बाकी सगळं शाबूत, फक्त चाल गेली, आणि परजीवी निरुपयोगी झाला.

डास आपल्याला चावतो तेव्हा हे स्पोरोझॉइट तो थेट रक्तात सोडतो, असं पुस्तकांत बराच काळ छापलं जायचं. जिवंत उंदराच्या कातडीत चमकणारे परजीवी सोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा चित्र उलटं निघालं. डास त्यांना कातडीत सोडतो, बहुधा शंभराच्या आत. तिथून पुढचं त्यांचं त्यांनी पाहायचं. काही मिनिटं, कधी तासाहून जास्त वेळ ते कातडीत नागमोडी फिरतात, रक्तवाहिनीची भिंत सापडेपर्यंत. बरेचसे कातडीतच राहतात, काही लसिकावाहिनीत शिरून वाया जातात. जे मोजके यकृताला पोचतात, त्यांतला एकेक आठवडाभरात हजारो नवे परजीवी तयार करतो. मग ताप. 2023 साली जगात हिवतापाचे सुमारे 26 कोटी 30 लाख रुग्ण आणि 5 लाख 97 हजार मृत्यू झाले, बहुतेक आफ्रिकेत आणि बहुतांशी लहान मुलं. यातला प्रत्येक आजार कुणाच्या तरी कातडीतल्या त्या पायपिटीपासून सुरू झाला.

आता एक विचित्र गोष्ट. इतका भरधाव जाणारा हा जीव, पण त्याचे ॲक्टिनचे तंतू अगदी आखूड आणि कच्चे. आपल्या स्नायूतला तंतू त्याच्या दहापट लांब आणि टिकाऊ. मग त्याचे तंतू पक्के करून दिले तर? समुद्रातल्या एका स्पंजातून जॅस्प्लाकिनोलाइड नावाचा पदार्थ मिळतो, तो ॲक्टिनचे तंतू मोडू देत नाही. हिवतापाच्या परजीवीचा नातलग टॉक्सोप्लाझ्मा, त्याला तो दिला. वेग वाढला. पण दिशा गेली. कधी पुढे, कधी मागे. कच्चेपणा ही त्याची उणीव नव्हे. लगेच बांधता आणि लगेच मोडता यावं म्हणूनच तो तंतू तसा आहे.

इथून मला औषधांकडे यायचं आहे, कारण तुम्ही मनात केव्हापासून विचारताय, याचा उपयोग काय? उपयोग हा की सामान तेच असलं तरी त्यांच्या आणि आपल्या प्रथिनांत बारीक फरक आहेत, आणि औषध शिरतं ते त्याच फटीतून.

दोन उदाहरणं देतो, दोन्ही आपल्या मातीतली. पावसाळ्यात सह्याद्रीत कळलावीची लाल-पिवळी फुलं तुम्ही पाहिली असतील. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं. ते आपल्या ट्यूब्युलिनला चिकटतं आणि नळ्या बनू देत नाही. म्हणूनच ते जास्त झालं तर विष आहे. पण लीशमानिया किंवा टॉक्सोप्लाझ्माचं ट्यूब्युलिन कोल्चिसिनला सहसा दाद देत नाही. आता उलटं. सोयाबीन, कांदा, भुईमूग करणारे शेतकरी इथे असतील, त्यांना पेंडिमेथालिन सांगायला नको. पेरणी झाली की उगवणीच्या आत फवारतात ते तणनाशक. ते तणाच्या ट्यूब्युलिनला धरतं, कोंबातल्या पेशींची विभागणी थांबते. त्याच कुळातलं ट्रायफ्लुरालिन लीशमानियाच्या ट्यूब्युलिनला धरतं आणि आपल्या पेशींना तसं धरत नाही, हे 1990 मध्ये सायन्स या नियतकालिकात छापून आलं. परजीवीचं ट्यूब्युलिन या एका जागी आपल्यापेक्षा गवताच्या जवळचं आहे! याचं औषध अजून झालेलं नाही. आणि ऐकणाऱ्यांनी कृपा करून शेतातली बाटली घरात आणू नये, हे मला सांगावंच लागतं, कारण मागे एका व्याख्यानानंतर एक गृहस्थ डोस विचारायला आले होते.

ट्यूब्युलिनवरचं औषध मात्र तुमच्या घरात येऊन गेलेलं आहे. जंतनाशक दिनाला शाळेत मुलांना चावून खायला देतात ती अल्बेंडाझोलची गोळी. ती जंताच्या ट्यूब्युलिनला धरते, आणि जिआर्डियाच्याही. जिआर्डिया आतड्याला चिकटतो ती ट्यूब्युलिनची तबकडीच ती मोडते. लेव्हेनहूकला काही दिवसांच्या गोळ्यांनी आराम पडला असता.

आणि शेवटचं उदाहरण लशीचं. आर-21 ही हिवतापाची लस ऑक्सफर्डनं विकसित केली आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते. ऑक्टोबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली, जुलै 2024 मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या मुलांना ती द्यायला सुरुवात झाली. ही लस शरीराला काय शिकवते? स्पोरोझॉइटच्या अंगावरचं आवरणाचं जे मुख्य प्रथिन आहे, सीएसपी, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करायला. उंदरांच्या कातडीत पाहिलेलं आहे की असे प्रतिपिंड असले तर परजीवी धड सरकू शकत नाही. तो जागीच खोळंबतो, त्याचं आवरण सोलवटून मागे पडतं, रक्तवाहिनी त्याला गाठता येत नाही. म्हणजे ही लस रक्तात फार उशिरा काम करते असं समजू नका. तिची लढाई कातडीत सुरू होते, परजीवी अजून चालत असताना.

असे प्रतिपिंड कामाचे आहेत की नाहीत, हे तपासायची एक पद्धत आहे. काच घ्यायची, तिच्यावर जिवंत स्पोरोझॉइट सोडायचे आणि त्यात लस घेतलेल्या माणसाचा रक्तद्रव मिसळायचा. काचेवर स्पोरोझॉइट सरळ जात नाही, त्याचं अंग वाकडं असल्यामुळे गोल गोल फिरतो, आणि फिरताना आवरणाचं प्रथिन मागे सांडत जातो. थोड्या वेळानं त्या सांडलेल्या प्रथिनाला चमकणारा रंग लावला की काचेवर वर्तुळं उमटतात. कुणीतरी बसून ती मोजायची. प्रतिपिंड चांगले असतील तर वर्तुळं थोडी, काही ठिकाणी अर्धवट. नसतील तर काचभर.